४४ कोटी डॉलरला नको म्हणाला. चुकलं का त्याचं?

पोटोमॅकपार
बेसबॉलवर इथे धागा काढणं म्हणजे चतुर्थीला मटणाचा बेत विचारण्यासारखं आहे, कल्पना आहे. पण घरात तीन वर्षं एक वाद चाललाय आणि तो मिटत नाही, म्हणून शेवटी इथे आणतोय.

आम्ही व्हर्जिनियात, नदीपलीकडे वॉशिंग्टन, त्यामुळे घरची टीम नॅशनल्स. २०१८ च्या मे मध्ये हुआन सोतो नावाचा १९ वर्षांचा डॉमिनिकन पोरगा टीममध्ये आला. २०१९ ला वर्ल्ड सिरीज (तिकडची फायनल) जिंकली, ती चालू असतानाच त्याला २१ वं संपलं. माझ्या मुलाने देवघराच्या वरच त्याचं पोस्टर लावलं होतं, बायकोने दोन फूट सरकवायला लावलं. मग २०२२ च्या जुलैत बातमी फुटली की नॅशनल्सनी त्याला १५ वर्षांचे ४४० मिलियन डॉलर देऊ केले आणि तो नको म्हणाला. तोपर्यंतचा एकूण रकमेचा सगळ्यात मोठा करार माइक ट्राउटचा, ४२६.५ चा. म्हणजे इतिहासातली सगळ्यात मोठी रक्कम, आणि पोरगा २४ चाही नाही. २ ऑगस्टला टीमने त्याला सॅन दिएगोला देऊन टाकला. मुलगा तेव्हा ११ चा, रात्री जेवला नाही.

सासरे तेव्हा आमच्याकडे होते. सांगलीचे, ३६ वर्षं बँकेत. ते म्हणाले, "वेडा आहे का हा? नुसतं व्याज खाल्लं तरी सात पिढ्या बसून जेवतील." मी पण त्यांच्याच बाजूचा होतो. पुढे २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सने त्यालाच १५ वर्षांचे ७६५ मिलियन दिले. मी सासऱ्यांना फोन केला तर म्हणाले, "नशीब त्याचं. मध्ये पाय मोडला असता म्हणजे?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

तर प्रश्न असा, तुम्ही त्या पोराच्या जागी असता तर लवकर सही केली असती का? आणि टीमच्या जागी असता तर किती पुढे गेला असता?

शेवटचा_बाक
आज पहिला बाक मिळाला, म्हणून हजेरी लावून जातो.

पेठेतला
मिलियन बिलियन नको. रुपयात किती ते लिहा, मग मत देतो.

पोटोमॅकपार
@पेठेतला, तेव्हाच्या ८० च्या भावाने साधारण साडेतीन हजार कोटी.

पेठेतला
मग मत देत नाही. आमच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव चार लाखांवर दीड वर्ष अडकलाय.

डावखुरा
नवीन लोकांसाठी थोडं लिहितो, नाहीतर सगळे आयपीएलचं डोकं लावून वाद घालतील. तिकडे आपल्या ऋतुराजला चेन्नईने २० लाखांत घेतला, मग ६ कोटींना ठेवला, मग १८ कोटींना. मोठा लिलाव दर तीन वर्षांनी आणि ठेवून घेण्याचे टप्पे ठरलेले, त्यामुळे घासाघीस फारशी उरत नाही. बेसबॉलमध्ये पोरगा मेजर लीगमध्ये (तिकडची सगळ्यात वरची लीग) आला की पहिली ६ वर्षं त्याच टीमचा. त्यातली पहिली साधारण तीन वर्षं लीगने ठरवलेला किमान पगार (२०२५ ला ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन आर्बिट्रेशन, म्हणजे आकडा जुळला नाही तर दोघांनी लवादासमोर आपापला आकडा ठेवायचा आणि त्याने त्यातला एक उचलायचा, मधला नाही. सहा वर्षं भरली की फ्री एजंट, मग बाजार खुला.

त्यात वर्ष म्हणजे १७२ दिवस. २०१५ ला शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला सुरुवातीचे काही दिवस खालच्या लीगमध्येच ठेवला, त्याचे १७१ भरले. एका दिवसाने अख्खं एक वर्ष जास्त टीमच्या ताब्यात! तो तक्रारीत गेला आणि २०२० ला हरला.

तर एक्स्टेन्शन म्हणजे काय, की या सहा वर्षांच्या आतच टीम म्हणते बाबा आत्ताच पक्के पैसे घे, त्या बदल्यात तुझ्या खुल्या बाजारातली पाच सात वर्षं आम्हाला आज विक. घासाघीस सगळी त्या पुढच्या वर्षांच्या भावावरच असते. आणि सासऱ्यांना सांगा, बेसबॉलमध्ये करार पक्का असतो, सही झाल्यावर पाय मोडला तरी पैसे मिळतात. म्हणून त्यांचा प्रश्न बरोबर आहे. पाय सहीच्या आधी मोडला तर काय, हाच खेळ आहे सगळा.

अटलांटाचा_अण्णा
आमच्या अटलांटा ब्रेव्ह्जशिवाय हा विषय होऊच शकत नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये दहा दिवसांत दोन सह्या घेतल्या. रोनाल्ड अकुन्या, वय २१, ८ वर्षं १०० मिलियन. ऑझी ऑल्बीज, वय २२, ७ वर्षं ३५ मिलियन. वर दोघांच्या करारात टीमच्या मर्जीची दोन दोन वर्षं. ऑल्बीजने २०२३ ला ३३ होम रन (आपला सिक्सर समजा) मारले आणि त्या वर्षी त्याला मिळाले ७ मिलियन. अकुन्याने त्याच वर्षी ४१ होम रन मारले आणि ७३ बेस चोरले (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठणं), असं कोणीच कधी केलं नव्हतं, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) एकमताने, पगार १७.

लोक म्हणतात लुटलं पोरांना. मी म्हणतो बघा पुढे. अकुन्याचा २०२१ ला उजवा गुडघा गेला, २०२४ ला डावा. ऑल्बीजचा २०२२ ला पाय मोडला. दोघांना एक दिवस पगाराची चिंता नव्हती. ऑल्बीज कुरासाओचा, छोटंसं बेट, वडील तो १६ चा असताना गेले. त्याला ३५ मिलियन म्हणजे काय असेल हे आपण इथे गार पाण्याची बाटली घेऊन टाइप करताना नाही कळणार.

ऋता_के
अण्णा, ते सगळं मान्य, पण ३५ आणि १०० मध्ये जो फरक आहे तो गुडघ्याचा नाहीये ना. दोघे एकाच वयाचे एकाच टीमचे. ऑल्बीजला आधार हवा होता हे टीमला माहीत होतं आणि त्याचाच भाव लावला. त्याला मदत केली असं म्हणू नका प्लीज, अडला हरी.

अटलांटाचा_अण्णा
कोणी डोक्याला बंदूक लावली नव्हती ताई. त्याचा एजंट होता, त्याने सांगितलंच असेल.

आकडेमोड
मी विमा कंपनीत हेच करतो रोज, म्हणून राहवत नाही. ऑल्बीजने विमा विकत घेतला. विमा घेणं चूक नाही, पण हप्ता फार महाग पडला. आणि विमा विकणारा नेहमी जिंकतो ते कसं, तर त्याच्याकडे घरं हजार आणि आग एखाद्याच घराला लागते. टीमकडे करार करायला दहा पोरं असतात, पोराकडे गुडघे दोनच.

दहातला एखादा बुडतोच. ह्यूस्टनने २०१४ ला जॉन सिंगलटनशी मेजर लीगमधली एक मॅच खेळायच्या आधी ५ वर्षं १० मिलियनचा करार केला, पोरगा .१६८ च्या ॲव्हरेजला (फारच कमी) अडकला आणि खाली गेला. फिलाडेल्फियाने स्कॉट किंगरीला २०१८ ला पहिल्या मॅचच्या आधी ६ वर्षं २४ मिलियन दिले, ते पण गेले. पण हे आकडे बघा. टीमला बुडाला तर १०, २४. उलट बाजूला टॅम्पाने २००८ ला इव्हान लोंगोरियाशी तो येऊन आठवडा झाला नसताना ६ वर्षं साडेसतरा मिलियनचा करार केला, त्यात जे वाचवलं त्यातून असे किती किंगरी फेडता येतील. त्यामुळे टीमच्या बाजूने पोटोमॅकपार यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे, लवकर जा आणि बऱ्याच जणांकडे जा. पोराच्या बाजूने सोपं नाही.

खडूस_काका
चेंडू फळीने मारायचे एवढे पैसे. इकडे शिक्षण सेवक म्हणून पोरं तीन तीन वर्षं राबतात. चालू द्या.

ऋता_के
काका, मालकाला द्यायचे नाहीत तर मग ते मालकाकडेच राहणार, शिक्षकांकडे नाही येणार. आणि हे पैसे फुकट नाही मिळाले. १९६९ ला कर्ट फ्लडला सेंट लुईसने न विचारता फिलाडेल्फियाला पाठवलं, तो म्हणाला मी काय बैल आहे का बाजारातला (शब्द माझे), कोर्टात गेला, १९७२ ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ ने हरला, करिअर संपलं. तेव्हा नियम असा होता की करार संपला तरी खेळाडू टीमचाच. तो १९७५ ला लवादाने मोडला, युनियनच्या मार्विन मिलरने लावून धरल्यामुळे. तुमच्या शिक्षण सेवकांना पण एक मिलर लागतो.

खडूस_काका
हे मात्र बरोबर बोललात.

शेवटचा_बाक
काका सहमत झाले, धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

कलमवाला
बेसबॉल मला ओ की ठो कळत नाही, पण हा व्यवहार मात्र लगेच कळला.

आमच्याकडे (रत्नागिरीजवळ, गाव सांगत नाही, लगेच पेटीचा भाव विचारतात) बाग व्यापाऱ्याला कराराने देतात. मोहर यायच्या आधी दिली तर तो रोख पैसे टाकतो, फवारणी त्याची, राखण त्याची, पुढे थ्रिप्स येऊदे नाहीतर अवकाळी पडूदे, नशीब त्याचं. फळ धरल्यावर दिली तर भाव वेगळा. आणि स्वतः राखलीत तर मार्चमध्ये वाशीला पेट्या पाठवा आणि देवाचं नाव घ्या.

माझ्या वडलांनी सलग आठ वर्षं बाग मोहराआधी दिली. गावात लोक हसायचे, म्हणायचे व्यापारी तुझ्या जिवावर गाडी घेईल, आणि त्याने घेतली पण. कारण एवढंच की आम्हा दोघा भावांची फी आणि हॉस्टेल. मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा बाग घरी ठेवली. दुप्पट आले. पुढच्या वर्षी पावसाने निम्मं गेलं, तरी वडील शांत, कारण घरात माझा पगार चालू होता. बाग तीच, कलमं तीच, माणूस पण तोच. फरक कशाचा पडला ते सांगायला नको.

म्हणून मी विचारतो, या सोतोच्या घरात ४४० नाकारताना पगार येत होता का?

डावखुरा
@कलमवाला, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न बेसबॉल न कळणाऱ्याने विचारला. होय, येत होता! हेच लोक विसरतात. सही करताना १६ व्या वर्षी १.५ मिलियन मिळाले होते, मग तो आर्बिट्रेशनमध्ये एक वर्ष लवकर गेला, २०२१ ला ८.५, २०२२ ला १७.१. म्हणजे नाही म्हणाला तेव्हा २५ मिलियनच्या वर मिळवून बसलेला. ऑल्बीजने सही केली तेव्हा तो अजून किमान पगाराच्या आसपास होता.

शिवाय ४४० ऐकायला मोठं वाटतं, १५ ने भागा, वर्षाला २९ च्या आसपास. त्याच्या सहा सात महिने आधी मॅक्स शर्झर, नॅशनल्समधलाच जुना पिचर, ३७ वर्षांचा, त्याला मेट्सने वर्षाला ४३ दिले होते. सोतोचा एजंट स्कॉट बोरास, त्याने हे भागाकार आधीच करून ठेवले असणार. नाही म्हटल्यावर सोतोला २०२३ चे २३ आणि २०२४ चे ३१ मिळाले, मग ७६५. सतरा वर्षांचे मिळून ८१९ होतात.

लेकुरवाळी
कलमवाला यांच्या फीवरून पटकन आठवलं. जे थांबले किंवा मोठा आकडा घेऊन बसले त्यांची घरं बघा. व्लादिमीर गरेरो ज्युनियर, बाप हॉल ऑफ फेमला, स्वतःला १६ व्या वर्षी ३.९ मिलियन. तो टोरोंटोत अगदी फ्री एजंट व्हायच्या वर्षापर्यंत थांबला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये १४ वर्षांचे ५०० घेतले. बॉबी विट ज्युनियर, वडील मेजर लीगचे पिचर, ड्राफ्टमध्ये (नवीन पोरांच्या निवडीत) दुसरा, २०२४ ला कॅन्सस सिटीकडून ११ वर्षांचे २८८ च्या वर. आणि व्हेनेझुएलाहून १ लाख डॉलरवर आलेला अकुन्या १०० ला. टॅलेंट बघून आकडा ठरतो म्हणतात, मला तर घर बघून ठरल्यासारखा वाटतो.

बीडकर_सध्या_पुणे
लेकुरवाळी, मग तातीसचं काय? फर्नांदो तातीस ज्युनियर. बाप मेजर लीगमध्ये खेळलेला, एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा) मारले होते त्याने १९९९ ला. तरी पोराने २०१७ ला, १८ वर्षांचा असताना, एका कंपनीकडून २ मिलियन घेतले आणि बदल्यात पुढच्या कमाईचे १० टक्के लिहून दिले. २०२१ ला सॅन दिएगोने त्याला १४ वर्षांचे ३४० दिले. करा हिशोब, ३४ मिलियन त्या कंपनीचे. २०२५ ला त्याने कोर्टात दावा टाकला.

याला आमच्याकडे उचल म्हणतात. ऊसतोडीला जाताना मुकादम दसऱ्याच्या आधी हातात पैसे ठेवतो, कोयता निघायच्या आधीच हंगाम विकलेला असतो. फिटली नाही तर पुढच्या साली परत तोच मुकादम. फरक एवढाच की तातीस वकील लावू शकला. माझ्या आज्याची उचल कोणत्या कोर्टात गेली नाही.

लेकुरवाळी
हे मला माहीत नव्हतं. मग बाप मोठा असून पण रोकड हातात नसेल त्या वयात. शब्द मागे घेते थोडेसे, पूर्ण नाही.

अटलांटाचा_अण्णा
@बीडकर, दंडवत. उचल हा शब्द इथल्या एकाही पत्रकाराला सापडणार नाही.

सिएटलकर
सोतोला विकला त्याच ऑगस्टमध्ये आमच्या मरिनर्सनी हुलिओ रॉड्रिगेझशी जो करार केला तो बघितला पाहिजे सगळ्यांनी. वय २१, पहिलंच वर्ष. दोघांनाही धोका अर्धा अर्धा कसा वाटायचा याचं गणित. पक्के २०९ मिलियन. पण काही वर्षांनी टीमला ठरवायचंय की पुढची ८ किंवा १० वर्षं घ्यायची का, आणि त्याचा भाव पोरगा एमव्हीपीच्या मतदानात कितवा येतो त्यावर चढणार. टीम नको म्हणाली तर पोराला स्वतःहून ५ वर्षं ९० मध्ये राहता येतं. सगळं जुळलं तर ४७० च्या आसपास जातं. मी हे बायकोला समजावत होतो तर ती म्हणाली, हे आपल्या फ्लॅटच्या बिल्डरच्या ॲग्रीमेंटपेक्षा सोपं आहे.

पेठेतला
बिल्डरच्या ॲग्रीमेंटपेक्षा महाभारत सोपं आहे.

ओट्याजवळची
मला त्या ७६५ मधलं बाकी काही लक्षात नाही, बॉक्सची गोष्ट तेवढी लक्षात आहे. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमने, यँकीजनी, १६ वर्षांचे ७६० देऊ केले होते, पण स्टेडियममधला बॉक्स घरच्यांसाठी फुकट द्यायला तयार नव्हते म्हणे, आमच्या मोठमोठ्या खेळाडूंनी पण पैसे भरलेत म्हणून. मेट्सनी देऊन टाकला. सातशे साठ कोटींचं.. सॉरी मिलियनचं लग्न मानपानावरून मोडलं. वरमाईला साडी बरी नव्हती.

शेवटचा_बाक
आणि आदल्या टीमकडून काय पाहुणचार झाला होता ते पण लिहा. २०२२ ला ऑल स्टारला जायला नॅशनल्सनी खास विमान केलं नाही, पोरगा साध्या विमानाने लॉस एंजेलिसला गेला आणि वर होम रन डर्बी जिंकून आला. ४४० देणारे तिकिटावर वाचवत होते.

डावखुरा
@ओट्याजवळची, बॉक्स हे शेवटचं निमित्त असतं. वर्षाला भागलं तर मेट्सचे ५१, यँकीजचे साडेसत्तेचाळीस. शिवाय मेट्सच्या करारात ७५ सहीचेच, पैसे पुढे ढकललेले एकही नाहीत, आणि २०२९ नंतर बाहेर पडायची मुभा. त्या जपानी स्टार ओहतानीचे ७०० म्हणतात त्यातले ६८० दहा वर्षांनंतर मिळणार आहेत, त्याच्याशी लावून बघा.

आकडेमोड
पुढे ढकललेल्यांवरून अवांतर, मेट्स अजून त्यांच्या जुन्या खेळाडूला, बॉबी बोनियाला, दर १ जुलैला ११.९ लाख डॉलर देतात, २०३५ पर्यंत. २००० च्या सुमारास द्यायचे ५.९ मिलियन तेव्हा द्यायचे नव्हते म्हणून. आमच्या ऑफिसात १ जुलैला केक कापतात.

खडूस_काका
ही आमच्या एलआयसीच्या जीवन अक्षयपेक्षा बरी दिसते. फॉर्म कुठे मिळेल.

उडता_चेंडू
सगळे अमेरिकेचं बोलताय, आपल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलने २००८ ला पिट्सबर्गशी सही केली होती ते कोणी सांगत नाही. आणि टेक्सासला ग्रँड प्रेअरीला जिथे मेजर लीग क्रिकेट खेळतात ते आधी बेसबॉलचं स्टेडियम होतं. एक दिवस उलटी गंगा वाहील.

ऋता_के
उडता चेंडू, नेहमीप्रमाणे मैदानाबाहेर :) पण ग्रँड प्रेअरीचं खरं आहे, मी गेले होते, नेत्रावळकरला बघायला.

नवा_गडी
नाही म्हणून फसलेला कोणी नाहीच का? सगळे जिंकलेलेच सांगताय. आरन जज पण, २०२२ ला २१३.५ नको म्हणाला आणि त्याच वर्षी ६२ होम रन मारून ३६० घेऊन गेला. हे म्हणजे फक्त लॉटरी लागलेल्यांची मुलाखत घेण्यासारखं झालं.

डावखुरा
@नवा_गडी, चांगला मुद्दा. आहे ना, आणि तो पण नॅशनल्सचाच. इयन डेस्मंड. ७ वर्षांचे १०७ मिलियन नाकारले असं तेव्हा सगळीकडे आलं होतं. २०१५ वाईट गेलं, २०१६ ला टेक्सासला एका वर्षाच्या ८ मिलियनवर जावं लागलं. तिथे सावरला, मग कोलोराडोने ७० दिले, उपाशी नाही राहिला. पण १०७ ते १०७.

पोटोमॅकपार
अरे बापरे, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. डेस्मंड मी विसरलोच होतो, त्याचं नाव सासऱ्यांना कळलं तर माझं काही खरं नाही.

नॅशनल्सचा एक चाहता म्हणून मला वेगळंच दुखतं. डेस्मंड नाही म्हणाला. ब्राइस हार्परला १० वर्षांचे ३०० देऊ केले, तो ३३० वर फिलाडेल्फियाला गेला. सोतो गेला. आणि ज्याला खरंच दिले तो स्ट्रासबर्ग, २४५ मिलियन, वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी, सही केल्यानंतर फक्त ८ मॅचमध्ये बॉल टाकू शकला, बिचाऱ्याच्या खांद्यामानेचं काहीच धड राहिलं नाही. टीमने पैसे दिले तरी रडायचं, नाही दिले तरी रडायचं. मालक कुटुंब तेव्हा टीम विकायच्या विचारात होतं, त्यामुळे कधी कधी मला वाटतं ४४० चा आकडा नाही म्हणवून घ्यायलाच काढला होता, म्हणजे आम्हा लोकांना सांगता येईल की बघा आम्ही तर दिले होते. बातमी फुटली ती पण कशी फुटली. सोतोला ते लागलं होतं, तो तोपर्यंत कधी बाहेर बोलला नव्हता.

आता पुढचं. सोतोच्या बदल्यात जी पोरं आली त्यातला जेम्स वुड, इथला शेजारच्या मेरीलँडचाच, आता आमचा सगळ्यात मोठा पोरगा आहे. माझ्या मुलाने पोस्टर अजून लावलेलं नाही. म्हणतो सही झाल्यावर लावीन.

आकडेमोड
मग नॅशनल्सला माझं उत्तर तेच. २०२१ च्या शेवटाला सोतोला ३५० देत होते असं आलं होतं, तेव्हा तो तीन साडेतीन वर्षं खेळून झालेला. उशीर झाला होता. त्याच पोराला २०१९ च्या वसंतात अकुन्याच्या बरोबरीने विचारलं असतं तर चित्र वेगळं असतं. वुडची घासाघीस रोज एक दिवसाने महाग होतेय.

ऋता_के
आणि वुडने? त्याने काय करावं ते कोणी सांगत नाही.

डावखुरा
वुडने २०२६ च्या १ डिसेंबरपर्यंत थांबणं धोक्याचं पण आहे हे लक्षात घ्या. लीग आणि युनियनचा करार त्या दिवशी संपतो. मागच्या वेळी संपला तेव्हा ९९ दिवस टाळं होतं. नवीन करारात मालकांना पगाराला मर्यादा हवी आहे, ती आली तर कोणाचा भाव कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून काही जण आधी सह्या करून घेतील.

कलमवाला
म्हणजे अवकाळीचा अंदाज आहे.

बघा, मी बागेचं एक सांगायचं राहिलं. वडलांनी नंतर नंतर अर्धी बाग मोहराआधी द्यायला सुरुवात केली आणि अर्धी घरी. रस्त्याकडची द्यायची, विहिरीकडची ठेवायची. व्यापारी कुरकुर करायचा, त्याला विहिरीकडचीच हवी असायची. पोराला अशी अर्धी कमाई नाही का विकता येत?

डावखुरा
येते की. थोड्या वर्षांचा करार करायचा, आर्बिट्रेशनची वर्षं विकायची आणि खुल्या बाजाराची एक दोनच. ट्राउटने २०१४ ला तसंच केलं होतं, ६ वर्षांचे १४४.५, फ्री एजंटची फक्त तीन वर्षं दिली. मग २०१९ ला परत बसला आणि ४२६.५ घेतले. पण टीमला विहिरीकडचीच हवी असते, तुमच्या व्यापाऱ्यासारखी.

पोटोमॅकपार
हे मी आज जेवताना मुलाला सांगितलं, विहिरीकडची आणि रस्त्याकडची. त्याने विचारलं, "बाबा, पण मग वुड किती वर्षं राहणार?" मी म्हटलं तशी सही केली तर २०३२, ३३ पर्यंत. त्याने बोटांवर मोजलं, म्हणाला तोपर्यंत माझं कॉलेज संपेल, चालेल.

सासरे दिवाळीला येतायत. डेस्मंडचं नाव कोणी त्यांना कळवू नका.

पेठेतला
लिफ्टचा ठराव पास झाला. पाच वर्षांचं मेंटेनन्स पण आत्ताच बांधून घ्या म्हणतोय कंपनीवाला. घ्यावं का?